आधी आडवे व्हा

करंबेळकर वकिलांकडे गेलात की ते तुम्हाला आधी झोपवतात.

गैरसमज नको. ऑफिसात खुर्च्या आहेत, चांगल्या गादीच्या आहेत. पण पक्षकार आत आला, घसा खाकरून "साहेब, त्या हॉस्पिटलवाल्यांनी आमच्या बाबांना..." असं त्याने सुरू केलं, की वकीलसाहेब एक हात वर करतात आणि दुसऱ्या हाताने कोपऱ्याकडे बोट दाखवतात. कोपऱ्यात एक लोखंडी खाट आहे. अस्सल हॉस्पिटलची. एक जुनं प्रसूतिगृह बंद झालं तेव्हा त्यांनी ती टेम्पोत घालून आणली. पायथ्याशी हँडल आहे. ते फिरवलं की डोक्याकडची बाजू करकरत वर येते. हँडलला दुसऱ्या कोणी हात लावलेला साहेबांना चालत नाही.

"आधी आडवे व्हा. मग बोला."

"पण पेशंट मी नव्हतो, बाबा होते."

"मग बाबा होऊन आडवे व्हा. चपला काढून."

माजिवड्याचे एक गृहस्थ माझ्या डोळ्यांसमोर आडवे झालेले आहेत. गाड्यांच्या शोरूमचे मालक, गळ्यात बोटभर जाडीची साखळी. आल्या आल्या त्यांनी "त्या डॉक्टरला मी रस्त्यावर आणतो की नाही बघाच" अशी गर्जना केली होती. साहेबांनी त्यांना खाटेवर घातलं, छातीपर्यंत चादर ओढली, हँडलला दोन वेढे दिले आणि विचारलं, "आता सांगा, काय दिसतंय?"

गृहस्थ बराच वेळ वर बघत राहिले. "पंखा," म्हणाले. मग थोड्या वेळाने, अगदी बारीक आवाजात, "आणि कोणीच नाही."

त्यानंतर त्यांनी जी हकीकत सांगितली ती गर्जनेतल्या हकीकतीपेक्षा पुष्कळ वेगळी होती. तिच्यात डॉक्टर थोडे कमी होते आणि हॉस्पिटलात जायला उशीर करणारा मुलगा थोडा जास्त होता.

"उभा माणूस भाषण ठोकतो," हा करंबेळकरांचा सिद्धान्त. "आडव्या माणसाला आठवतं."

करंबेळकरांची वकिली हॉस्पिटलच्या भांडणांची. डोंबिवलीत पहिल्या मजल्यावर घर, खाली ऑफिस, आणि आठवड्यातून काही दिवस कधी ठाणे, कधी कल्याण अशी फेरी. फसलेलं ऑपरेशन, न फसलेलं पण आधी न समजावलेलं ऑपरेशन, विमा कंपनीने तोंड फिरवलेलं ऑपरेशन, अशी सगळी गिऱ्हाइकं त्यांच्याकडे येतात. कधी ते पेशंटच्या बाजूने उभे राहतात, कधी डॉक्टरच्या. वय साठीच्या पुढचं, अंग काटकुळं, लग्न केलेलं नाही. आवाज मात्र असा, की नुसतं "नमस्कार" म्हणाले तरी समोरच्याला आपली उलटतपासणी सुरू झाली असं वाटावं.

त्यांच्या ऑफिसला लागून माझा गाळा आहे. मी शाळांच्या गॅदरिंगला कपडे भाड्याने देतो. मावळे, पऱ्या, भाजीवाल्या, झाडं, एक गाय (दोन मुलांची). शिवाय हौशी रंगभूमीची मी पुष्कळ वर्षं सेवा केलेली आहे. ती सेवा तिला फारशी आठवत नाही, हा तिचा दोष. एकदा दुपारी करंबेळकर दुकानात आले.

"दिलीपराव, डॉक्टरचा पांढरा कोट आहे?"

"आहे ना. मुलाच्या मापाचा की मोठ्याच्या?"

"मोठ्याच्या. आणि तो घालून उभा राहणारा माणूस आहे?"

झालं. इतकी वर्षं मी ज्या भूमिकेची वाट बघत होतो ती भिंतीपलीकडेच होती. करंबेळकरांची पद्धत अशी, की प्रसंग जसा घडला तसा खाटेभोवती करून बघायचा. कोण कुठून आलं, कुठे उभं राहिलं, कोणाकडे बघून काय म्हणालं. मी त्या खोलीत भूलतज्ज्ञ झालोय, ड्यूटीवरचा डॉक्टर झालोय, घाईत असलेला मोठा सर्जन झालोय, साडी नेसून मेट्रन झालोय. एकदा माणसं कमी पडली तेव्हा ऑक्सिजनचा सिलिंडर झालो. त्यातही मी जीव ओतला.

"दिलीपराव, सिलिंडर उसासे टाकत नाही."

"साहेब, संपत आलाय हे दाखवत होतो."

"संपत आला होता असं कोणी म्हटलेलं नाही. पुरावा नसताना संपू नका."

शब्दांच्या बाबतीत तर त्यांचा फार जाच. पक्षकार म्हणतो, "डॉक्टर म्हणाले की काही काळजी करू नका." साहेब लगेच, "भावार्थ नको. शब्द सांगा." पक्षकार डोकं खाजवतो. "म्हणजे ते म्हणाले, 'बघू.'" आता 'बघू'चं 'काळजी करू नका' कसं होतं, हे ज्याच्या घरातलं माणूस आत झोपलंय त्यालाच कळतं. पण करंबेळकर दोन्ही शब्द शेजारी शेजारी ठेवतात आणि चष्मा पुसत बसतात. निम्मे पक्षकार तिथेच गप्प होतात.

एक बाई आल्या होत्या टिटवाळ्याहून. सासूबाई अत्यवस्थ असताना डॉक्टर तासभर फिरकले नाहीत, अशी तक्रार. पुरावा काय, तर सासूबाईंच्या पलंगाशेजारच्या स्टुलावर बसून त्यांनी समोरच्या घड्याळात काटा सरकताना स्वतः बघितला होता. करंबेळकर उठले आणि थेट त्या हॉस्पिटलात गेले. मला बरोबर नेलं, सासूबाई म्हणून. मी पलंगावर, साहेब स्टुलावर. बाहेर हॉस्पिटलचे मॅनेजर, दोन सिस्टर आणि एक सुरक्षारक्षक श्वास रोखून उभे. साहेबांनी मान इकडे वळवली, तिकडे वळवली. घड्याळ होतं. पण स्टुलाच्या मागच्या भिंतीवर, खांबाआड.

बाईंना त्यांनी सांगितलं, "तुम्ही घड्याळ पाहिलेलं नाही. तुम्हाला तासभर वाटलं."

बाई भडकल्या. "तुम्ही आमचे वकील आहात की त्यांचे?"

"आज मी घड्याळाचा," करंबेळकर म्हणाले.

केस त्यांनी घेतली नाही. पण त्या डॉक्टरला फोन करून एवढं सांगितलं, की ज्या बाईला दहा-वीस मिनिटं तासासारखी वाटतात तिच्याजवळ जाऊन कोणीतरी 'मी येतोय' एवढं म्हणायला हरकत नाही. डॉक्टर म्हणे टिटवाळ्याला जाऊन बाईंना भेटून आले. असल्या गोष्टींमुळे साहेबांची वकिली फार फोफावली नाही आणि डॉक्टरमंडळींत त्यांची दहशत मात्र वाढत गेली. भांडणाऱ्या वकिलाला कसं तोंड द्यायचं ते लोकांना ठाऊक असतं. येऊन स्टुलावर बसणाऱ्या वकिलाचं काय करायचं?

आता सगळ्यात मोठं वेड सांगतो. ते म्हणजे संमती. माणसाच्या अंगाला हात लावण्याआधी त्याला धोके सांगितले पाहिजेत, फायदे सांगितले पाहिजेत, दुसरे पर्याय सांगितले पाहिजेत, हे ते कोर्टात इतकी वर्षं सांगत आले, की तेच त्यांच्या रक्तात उतरलं. त्यांच्या घरचा चहा असा मिळतो: "दिलीपराव, चहा आहे. दूध आहे, साखर आहे, आलं आहे. आल्याने काही जणांना जळजळ होते. पर्याय म्हणून कोरा आहे. आणि न पिण्याचाही पर्याय असतो." यावर आतून आक्कांचा आवाज येतो, "अरे पाज त्याला! निवेल!"

स्टेशनरोडचा न्हावी तर त्यांना घाबरून असतो. एकदा त्याने विचारलं, "साहेब, बारीक करू?" साहेब म्हणाले, "बारीक केल्याने काय होईल?" तो म्हणाला, "केस कमी होतील." साहेब म्हणाले, "परत येतील याची खात्री देतोस?" त्याने आरशातून त्यांच्या टाळूकडे पाहिलं आणि कैची खाली ठेवली.

आक्का म्हणजे करंबेळकरांची थोरली बहीण, सुमती जोशी. लग्नानंतर थोड्याच वर्षांत यजमान गेले आणि त्या भावाकडे राहायला आल्या, त्या आल्याच. कल्याणच्या शाळेत आयुष्यभर गणित शिकवलं. अर्ध्या शहराला त्यांनी नापास केलेलं आहे आणि उरलेल्या अर्ध्याला त्याचा धाक आहे. भावाला त्या "भालू" म्हणतात. ज्याच्या नावाने ठाण्या-कल्याणातले सर्जन हातमोज्यांच्या आत घामाघूम होतात, त्या भालचंद्र करंबेळकरांना जिन्यावरून हाक येते, "भालू, नारळ आणलास का? नाही ना? वाटलंच."

तर गेल्या वर्षी या आक्कांच्या पोटात दुखायला लागलं.

पित्ताशयात खडे. तपासणीत स्वच्छ दिसले. ऑपरेशन रोजचं, पोटाला भोकं पाडून दुर्बिणीने करायचं, त्यात नवल काही नाही. करंबेळकर आक्कांना घेऊन डोंबिवलीतल्या एका नावाजलेल्या सर्जनकडे गेले. मी रिक्षात बरोबर होतो, कारण पुढच्या भूमिकेसाठी मला सर्जन जवळून बघायचे होते. डॉक्टर हसतमुख. त्यांनी आक्कांचं पोट तपासलं, म्हणाले, "काही नाही आजी, करून टाकू." तेवढ्यात बाहेर रिक्षावाल्याशी भाड्याचा वाद संपवून करंबेळकर आत आले.

डॉक्टरांचं हसू जागच्या जागी थांबलं. "हे... आपले कोण?"

"धाकटा भाऊ," आक्का म्हणाल्या.

डॉक्टर स्वतः पाणी प्यायले. मग त्यांनी तपासण्या लिहायला घेतल्या. हृदयाची, फुप्फुसाची, मेंदूची, दोन्ही कानांची.

"पित्ताशयासाठी कान?" आक्कांनी विचारलं.

"या वयात सगळं बघितलेलं बरं," डॉक्टर म्हणाले, आणि खाली ओळ टाकली, की मोठ्या केंद्रात दाखवावे.

कल्याणचे सर्जन म्हणाले, आमचं मशीन बंद आहे. ते मशीन मागच्या खोलीत घूं घूं करत होतं. ठाण्याला एक डॉक्टर होते, ज्यांना करंबेळकरांनी एका खोट्या तक्रारीतून सहीसलामत बाहेर काढलं होतं. तिथे तरी नाही म्हणणार नाहीत, अशी खात्री होती. त्यांनी साहेबांना मिठी मारली, बासुंदी मागवली आणि हात जोडले. "साहेब, तुम्ही मला वाचवलंत. म्हणूनच तुम्ही काय चीज आहात ते माझ्याइतकं कोणाला माहीत नाही. मुंबईला न्या ना आक्कांना."

रिक्षात बसल्यावर आक्का म्हणाल्या, "भालू, आयुष्यभर डॉक्टरांना दम तू दिलास आणि पावती माझ्या नावाने फाडलीस."

एरवी साहेबांनी यावर 'दम' या शब्दाची व्याख्या मागितली असती. त्या दिवशी ते बाहेर बघत बसले.

मुंबईला जायला आक्का तयार नव्हत्या. "तिथे मला कोण ओळखतं? इथे निदान वॉर्डबॉयपासून सगळे माझ्या हाताखालून गेलेत. चुकलं तर वर्गाबाहेर उभं करीन." दुखणं मात्र थांबायला तयार नव्हतं. एकदा कळ आली तेव्हा त्या स्वयंपाकघरात ओट्याला धरून खाली बसल्या. घरच्या डॉक्टरांनी मला जिन्यात गाठून सांगितलं, "पुढची कळ अशीच आली आणि आत पू झाला, तर मिळेल तिथे घाईने कापावं लागेल. त्यांच्या वयाला ते झेपेलच असं नाही. भाऊसाहेबांना म्हणावं, आता निवांत फिरू नका."

मी हा निरोप घेऊन ऑफिसात गेलो, तर करंबेळकर स्वतः खाटेवर आडवे झालेले. चपला काढून.

"काय आठवतंय, साहेब?" मी जरा खट्याळपणे विचारलं.

"रुमाल," ते म्हणाले. "उलटतपासणीत ज्यांनी ज्यांनी कपाळ पुसलं त्या सगळ्यांचे रुमाल."

मी निरोप सांगितला. ते उठले नाहीत. मी चादर नीट केली आणि निघून आलो. विनोद करायला मला एरवी कारण लागत नाही, पण तेव्हा एकही सुचला नाही.

डोकं चालवलं ते आक्कांनी. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माझ्या दुकानात आल्या, गायीचं मुंडकं बाजूला सारून स्टुलावर बसल्या. "दिलीप, तू नाटकवाला ना रे?"

"हो, आक्का."

"काही चांगलं केलेलं आहेस का कधी?"

"सिलिंडर बरा झाला होता."

"मग माझा भाऊ हो. ठाकुर्लीला एक नवीन सर्जनबाई आल्यात, डॉक्टर केणे. हात चांगला आहे म्हणतात. माझ्या कागदांवर आडनाव जोशी आहे. भालू बरोबर नसला तर त्याची बहीण म्हणून कोण ओळखतंय?"

"आणि साहेबांना काय सांगायचं?"

"ते मी सांगितलंय. म्हटलं, तू येऊ नकोस."

"मग ते काय म्हणाले?"

आक्कांनी गायीचा दुमडलेला कान सरळ केला. "'बरं' म्हणाला. पहिल्यांदाच एका शब्दात बोलला."

मी भूमिका मन लावून बसवली. कपाटातून खादीचा झब्बा काढला, कोकणात थोडी आंब्याची कलमं असलेला, बहिणीवर जीव टाकणारा, किंचित बहिरा असा भाऊ उभा केला. डॉक्टर केणे ही तिशी ओलांडलेली, आखूड केसांची, डोंबिवलीजवळच्याच गावातली मुलगी. तिने आक्कांना नीट तपासलं, आधीचे कागद बघितले, न घाबरवता सगळं सांगितलं आणि तारीख दिली. मी मधूनमधून "माझ्या भगिनीला काही त्रास तर होणार नाही ना?" असं हृदयाला हात घालणाऱ्या आवाजात विचारत होतो. बाहेर आल्यावर आक्का म्हणाल्या, "बहिरेपण कशाला रे?" मी म्हटलं, "भूमिकेला खोली येते."

ऑपरेशनच्या सकाळी आक्का भरती झाल्या. आणि थोड्या वेळाने कॉरिडॉरमध्ये एक शेजारी उगवला. तोंडाला मास्क, डोक्याला माकडटोपी, हातात थर्मास. मे महिना होता.

"हे कोण?" सिस्टरने विचारलं.

"शेजारी," टोपीतून आवाज आला. त्या एका शब्दानेच मॅनेजरच्या केबिनमधला कोणीतरी उठून उभा राहिला.

"अरे देवा," आक्का खाटेवरून म्हणाल्या. "भालू, टोपी तरी काढ. उकडून मरशील."

इतक्यात केणे मॅडम संमतीचा कागद घेऊन आल्या. आक्कांनी वाचून, एका ठिकाणी स्वल्पविराम सुधारून सही केली. मग कागद माझ्याकडे आला. नातेवाइकाचं नाव, नातं, सही. मी पेन उचललं. लेखणी कशी हवेत जरा थबकवायची, याची मी आदल्या दिवशी तालीम केली होती.

"थांबा," शेजारी म्हणाला.

मास्क खाली आला होता. "दिलीपराव, पेन खाली ठेवा. डॉक्टर, हे गृहस्थ हिचे भाऊ नाहीत. भाऊ मी आहे. मी वकील भालचंद्र करंबेळकर. या कागदावर खोटी सही झाली आणि आत काही कमीजास्त झालं, तर उद्या कोणीही तुम्हाला धारेवर धरेल. मी स्वतः धरलं असतं. तुम्हाला हे ऑपरेशन करायचं नसेल तर आत्ताच सांगा. आम्ही... आम्ही बघू काहीतरी."

आक्कांनी डोळे मिटून घेतले. इतक्या दिवसांचं माझं नाटक, आणि पडदा कोणी पाडला, तर ज्याच्यासाठी ते चाललं होतं त्याने. बरं, हा माणूस हरायला निघाला होता. ठाकुर्लीनंतर पुढे दार नव्हतं, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

डॉक्टर केणेंनी कागद माझ्या हातातून काढून घेतला.

"सर, हे भाऊ नाहीत हे मला पहिल्याच दिवशी कळलंय."

"अशक्य!" मी म्हणालो. कलावंत दुखावला गेला की बोलतोच.

"काका, आमच्याकडे रोज भाऊ येतात. आजपर्यंत एकानेही बहिणीला भगिनी म्हटलेलं नाही. आणि तुम्ही एका कानाने बहिरे होतात, पण दर वेळी वेगळ्या." मग ती साहेबांकडे वळली. "आणि तुमचा फोटो आमच्या डॉक्टरांच्या ग्रुपवर आहे, सर. टोपीतला नाही, पण ओळखू येता."

"तरी तुम्ही तारीख दिलीत?"

"भीती वाटली. अजूनही वाटतेय, खोटं कशाला सांगू. पण खडे यांच्या पोटात आहेत, तुमच्या नाही." तिने नवा कागद पुढे केला. "सही करा. आणि काय विचारायचं असेल ते सगळं विचारा. तुमचे प्रश्न ऐकलेत मी आमच्या सरांकडून. मी तयारी करून आलेय."

ऑपरेशन व्यवस्थित झालं, हे मी इथेच सांगून टाकतो, नाहीतर तुमचं पुढे लक्ष लागायचं नाही. आक्का आता ठणठणीत आहेत आणि केणे मॅडमना "हस्ताक्षर सुधार" म्हणून सांगून आल्या आहेत. मला सांगायचंय ते त्या सकाळचं.

साहेबांनी सही केली. मॅडम उभी होती, हात मागे बांधून, तोंडी परीक्षेला उभं राहावं तशी. सिस्टर थांबली. मॅनेजर दारात. मी तर जवळजवळ टाळ्या वाजवायच्या तयारीत होतो, कारण आता जी उलटतपासणी होणार होती तिला तोड नव्हती. करंबेळकरांनी चष्मा पुसला. आक्कांना तोवर ढकलगाडीवर घेतलं होतं. त्यांनी जाता जाता भावाच्या मनगटावर दोन बोटं टेकवली, "येते रे," म्हणाल्या, आणि गाडी दरवाजातून आत गेली. त्याची दोन्ही कवाडं थोडा वेळ झुलत राहिली.

"विचारा ना, सर."

"डॉक्टर," करंबेळकर म्हणाले. आवाज ओळखू येईना. "मी कुठे बसू?"

मॅडमने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग कोपराला हलकेच धरून तिने त्यांना कॉरिडॉरच्या टोकाला नेलं, खिडकीखालच्या बाकापर्यंत. "इथे बसा. झालं की मी स्वतः इथे येईन. दुसऱ्या कोणाला पाठवणार नाही." आणि ती आत गेली.

बाकावर एक आगरी बाई बसली होती, लुगडं गुडघ्याशी आवरून, मांडीवर डबा. तिने पिशवी उचलून जागा केली.

"बस रं दादा. येल लागतं. माजा घोव पन आतच हाय, हर्नियाचा. तुजा कोन?"

"बहीण."

"मोठी का बारकी?"

"मोठी."

"काय झायलंय तिला?"

कोर्टात पित्ताशयाची रचना फळ्यावर काढून दाखवणारा हा माणूस. "पोटात दुखतं तिच्या," तो म्हणाला.

बाईने मान हलवली. मग डब्याचं झाकण काढत तिने विचारलं, "घरी कोन हाय आनखी?"

"कोणी नाही. ती आणि मी."

"मंजे आता येकटाच तू."

"हो," वकीलसाहेब म्हणाले. "सकाळपासून."

बाईने तांदळाच्या भाकरीचा तुकडा मोडला आणि त्यांच्या हातावर ठेवला.